९४४ च्या टायमिंग पुल्या: कोणती कुठली, हे खात्रीने कसं ओळखायचं?

चौथा_गियर
गाडी पोर्श ९४४, १९८६ चं मॉडेल. अडीच लिटर, ८ व्हॉल्व्ह. इंजिनचा पुढचा भाग पूर्ण उघडलेला आहे आणि सुट्या भागांच्या खोक्यात दोन इंजिनांच्या पुल्या एकमेकींत मिसळल्या आहेत. खोक्यात सध्या हे आहे:

मोठ्या दातेरी पुल्या दोन. लांबून बघितल्या तर जुळ्या बहिणी.
क्रँकवर (पिस्टन फिरवतात तो मुख्य शाफ्ट) बसतील अशा मधल्या आकाराच्या दोन.
लहान दातेरी पुल्या तीन. प्रत्येकीच्या भोकात कीसाठी (पुलीची शाफ्टवरची जागा ठरवणारी छोटी पट्टी) एक नाही, दोन खाचा आहेत.
बिनदात्यांचे गुळगुळीत रोलर चार.

प्रश्न असे. मोठ्या दोनपैकी कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची) कोणती? लहान तीनपैकी कोणत्या दोन वापरायच्या, आणि दोन खाचांपैकी की कुठल्या खाचेत बसवायची? रोलरमध्ये खरे-खोटे कसे ओळखायचे? अंदाजाने जोडायचं नाही, मोजून आणि पुराव्यानिशी जोडायचं आहे. म्हणून सविस्तर उत्तरं हवीत.

घटमापन
सोपं आहे. दाते मोजा. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे कॅमच्या पुलीला क्रँकच्या टायमिंग पुलीच्या बरोबर दुप्पट दाते. बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर मारणारे दोन शाफ्ट) क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात, म्हणजे त्यांच्या पुलीला क्रँकवरच्या बॅलन्स पुलीच्या बरोबर निम्मे. खडूने एका दात्यावर खूण करा आणि दोनदा मोजा. हिशोब जुळला की काम झालं.

व्हर्नियर_०२
@घटमापन, गुणोत्तराचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, सुरुवात तिथूनच करायची. पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखं आहे. पुली ओळखायची तर पाच गोष्टी बघायच्या: दात्यांची संख्या, दोन दात्यांमधलं अंतर म्हणजे पिच, दात्याचा आकार, रुंदी आणि बसकण (हब किती आत किंवा बाहेर आहे ते), आणि खाच व खूण यांच्यामधला कोन. पाचपैकी चार जुळल्या आणि एक नाही, तर ती पुली तुमच्या इंजिनाची नाही.

पिच थेट पुलीवर मोजू नका. वक्रावर कॅलिपर नेहमी कमी दाखवतो. या इंजिनाचा योग्य नवा बेल्ट टेबलावर सपाट पसरा, एका दात्याच्या मध्यापासून पुढच्या दहाव्या दात्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि दहाने भागा. ९५.२५ मिमी आलं तर पिच ९.५२५, ८० आलं तर ८ मिमी. मग तोच बेल्ट पुलीवर निम्म्या घेरापर्यंत गुंडाळा. पिच चुकीची असेल तर पहिले तीन-चार दाते छान बसतात आणि पुढचे हळूहळू उचलले जातात. फट डोळ्यांना दिसते.

नुसता बाहेरचा व्यास मोजून फसगत कशी होते त्याचं उदाहरण देतो. (ही ९४४ ची मापं नाहीत, औद्योगिक कोष्टकांतली आहेत.) पिच व्यास = दाते × पिच ÷ ३.१४१६. पुलीचा बाहेरचा व्यास त्याहून थोडा कमी असतो, कारण बेल्टमधल्या दोऱ्या पुलीच्या पृष्ठभागाच्या किंचित वरून धावतात. 'एल' जातीच्या समलंब दात्याला हा फरक ०.७६२ मिमी, ८ मिमी एचटीडीला (गोल दात्यांची जात) १.३७२ मिमी. आता ९.५२५ पिचची ४० दात्यांची पुली घ्या: बाहेरचा व्यास १२०.५१. ८ पिचची ४८ दात्यांची घ्या: १२०.८६. दोन पूर्ण वेगळ्या पुल्या आणि फरक फक्त ०.३५ मिमी! तुमच्या "जुळ्या बहिणी" अशाच निघण्याची दाट शक्यता आहे.

अर्धचंद्र
लहान पुल्यांबद्दल मी लिहितो, कारण या इंजिनात सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

त्या बॅलन्स शाफ्टच्या पुल्या आहेत. वरच्या आणि खालच्या शाफ्टची पुली एकाच नमुन्याची, म्हणून भोकात दोन खाचा. रॉकेलने धुऊन, ब्रशने घासून, उजेड तिरका पाडून बघा: एका खाचेजवळ रोमन 'ओ' आणि दुसरीजवळ रोमन 'यू' दिसेल. ओ म्हणजे ओबेन, जर्मनमध्ये वर. यू म्हणजे उंटेन, खाली. वरच्या शाफ्टची की ओ खाचेत, खालच्या शाफ्टची की यू खाचेत. 'ओ' ला शून्य समजू नका. "शून्य म्हणजे मूळ स्थिती" असा अर्थ लावून दोन्ही शाफ्टना तीच खाच दिली जाते आणि घोळ तिथे सुरू होतो.

ही चूक लवकर सापडत नाही, कारण चुकीच्या खाचेत बसवलेल्या पुलीवरची खूणसुद्धा मागच्या कव्हरच्या खाचेशी व्यवस्थित जुळते. खूण पुलीवर आहे, वजन शाफ्टवर आहे आणि त्या दोघांचं नातं ठरवते ती की. सगळ्या खुणा जुळलेल्या, बेल्ट नवा, ताण बरोबर, आणि तरी इंजिन थरथरतं. मग लोक इंजिन माउंट बदलत बसतात.

सावकाश
बॅलन्स शाफ्ट चुकले तर इंजिनाची मोडतोड होते का?

अर्धचंद्र
@सावकाश, व्हॉल्व्हना काही होत नाही, त्यांचा या बेल्टशी संबंध नाही. पण चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँकच्या दुप्पट वेगाची उभी थरथर असतेच आणि ९४४ मध्ये ती मोठी असते, कारण सिलिंडरच मोठे: बोअर १०० मिमी, स्ट्रोक ७८.९, एकूण २४७९ सीसी. शाफ्ट बरोबर असले की ती थरथर खोडली जाते. फेज चुकली की खोडायच्या ऐवजी तीत भर पडते. बेल्ट तुटण्याचा धोका मात्र दुसराच आहे: तुटलेल्या बॅलन्स बेल्टचे तुकडे आतल्या टायमिंग बेल्टमध्ये अडकू शकतात. आणि ९४४ च्या सगळ्या इंजिनांत टायमिंग सुटलं की व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात.

जुनी_पानं
थोडं अवांतर. दोन शाफ्ट दुप्पट वेगाने उलटसुलट फिरवून थरथर मारायची कल्पना फ्रेडरिक लँचेस्टरची. त्यातला एक शाफ्ट वर आणि एक खाली ठेवण्याची रचना मित्सुबिशीची, आणि पोर्शने तिचा परवाना घेतला. म्हणूनच या गाडीत "वरचा" आणि "खालचा" शाफ्ट आहे आणि म्हणूनच पुलीवर ओ आणि यू.

टायमिंग बेल्टचा इतिहासही फार जुना नाही. मोठ्या संख्येने बनलेल्या गाड्यांत तो पहिल्यांदा ग्लास १००४ मध्ये आला, १९६२ च्या सुमारास. १९६६ मध्ये पाँटियाकचं सहा सिलिंडरचं ओव्हरहेड कॅम इंजिन आणि फियाट १२४ चं लाम्प्रेदींनी आखलेलं ट्विन कॅम. त्या काळचे दाते समलंब चौकोनी. गोल दाते नंतरचे.

समांतर
दोन खाचांची पुली फक्त पोर्शची नाही, हेही नोंदवून ठेवा. लोटस ९०७ इंजिन (जेन्सन-हीली, नंतर एलीट, एस्प्री) घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट कॅमची पुली एकाच नमुन्याची, आत दोन खाचा, शेजारी 'आयएन' आणि 'ईएक्स'. तिथे खाच चुकली तर थरथर नाही, थेट व्हॉल्व्ह टायमिंग चुकतं. शिवाय त्या घराण्यात आधीच्या पुल्या समलंब दात्यांच्या आणि नंतरच्या एचटीडी. जुन्या-नव्याची सरमिसळ खोक्यात हमखास सापडते.

घटमापन
पिच दोन्हीकडे ९.५२५ असेल तर समलंब पुलीवर गोल दात्यांचा बेल्ट चालायला काय हरकत आहे? बसतो की तो.

व्हर्नियर_०२
@घटमापन, चालत नाही, आणि हे ठामपणे सांगतो. बसल्यासारखा दिसतो, बसत नाही. गोल दाता जास्त खोल असतो. औद्योगिक कोष्टकात ८ मिमी एचटीडीच्या दात्याची उंची ३.३८ मिमी, तर 'एल' समलंब दात्याची १.९१. उथळ खाचेत खोल दाता तळाला टेकतो आणि बेल्ट वर उचलून धरतो. भार दात्याच्या बाजूंवर यायला हवा तो टोकावर येतो, मुळाशी चिरा पडतात आणि एक दिवस थंड इंजिन चालू करताना बेल्ट दाता सोडतो. उलट जोडीत, म्हणजे समलंब बेल्ट गोल खाचेत, दाता सैल राहतो आणि प्रत्येक वेग-बदलाला पुढेमागे आपटतो.

मोटारींच्या बेल्टसाठी आयएसओ ९०१० आणि पुल्यांसाठी ९०११ ही मानकं आहेत. त्यात पहिलं अक्षर पिच सांगतं: झेड म्हणजे ९.५२५, वाय म्हणजे ८. दुसरं अक्षर दात्याची जात सांगतं: ए आणि बी समलंब, एच, आर आणि एस वक्र. बेल्टच्या पाठीवर हे छापलेलं असेल तर तर्क करायचं कामच उरत नाही.

पाना_नं_२४
@चौथा_गियर, क्रँकवरच्या दोन पुल्यांबद्दल. टायमिंगची पुली आत, ब्लॉकच्या बाजूला, बॅलन्सची बाहेर. म्हणून बेल्ट काढतानाही बॅलन्सचा आधी निघतो. दोन पुल्यांची अदलाबदल करून बसवायचा प्रयत्न झाला तर बेल्ट एका सरळ रेषेत येणार नाही. कॅमच्या पुलीच्या तोंडावर पोलादी पट्टी धरा आणि क्रँकच्या पुलीशी ताडून बघा. मधली चकती आणि कॉलर विसरू नका, आणि त्यांची दिशा उलटी करू नका.

आता की. वुडरफ की म्हणजे अर्धचंद्राची चिमुकली पट्टी, पण सगळं टायमिंग तिच्यावर आहे. जुनी की खाचेत बसवून पुली बोटांनी डावी-उजवी हलवा. टिचकीएवढीही हालचाल जाणवली तर की आणि खाच दोन्ही तपासा. खाचेच्या कडा फुगलेल्या, चकाकणाऱ्या असतील तर ती पुली बाद. हे होतं ते बहुतेक वेळा पुढचा बोल्ट कमी आवळल्यामुळे. पुल्यांना धरून ठेवणं हे बोल्टच्या दाबाचं काम, की फक्त जागा दाखवते. त्या बोल्टचा टॉर्क २१० न्यूटन-मीटर आहे. फ्लायव्हील नीट लॉक केल्याशिवाय तो येत नाही. पुल्यांची एकमेकींना टेकणारी तोंडं स्वच्छ, तेलाशिवाय आणि बिनओरखड्याची हवीत.

सावकाश
खोक्यातल्या पुल्या जुन्या आहेत. बरोबर निघाल्या तरी वापरण्याजोग्या आहेत का, हे कसं ठरवायचं?

लोखंडकाम
@सावकाश, चांगला प्रश्न.

एक, नख. दात्याच्या टोकावरून नख आडवं फिरवा. बेल्ट धावत होता ती पट्टी आणि कडेची न धावलेली पट्टी यांच्यात पायरी लागली तर दाता झिजला आहे.

दोन, रंग. आधी चुंबक लावून पुली लोखंडी की ॲल्युमिनियमची ते बघा. ॲल्युमिनियमवर कठीण ॲनोडायझिंगचा करडा, मंद थर असतो. दात्याच्या बाजूवर तो जाऊन खालचा पांढरा चकचकीत धातू दिसत असेल तर ती पुली आता कानशीसारखी बेल्ट खाणार. कव्हरच्या आत साचलेली काळी भुकटी हीच खूण सांगते.

तीन, आकार. नवा बेल्ट गुंडाळून पाठीमागून टॉर्च धरा. दात्याच्या एका बाजूने सलग उजेड आणि दुसऱ्या बाजूने नाही, असं दिसलं तर झीज एकतर्फी आहे.

पुली पॉलिश पेपरने घासून "स्वच्छ" करू नका. थर जातो आणि मापही जातं. रॉकेल, नायलॉनचा ब्रश, बस.

समांतर
रोलरवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चारही रोलर हातात घेऊन फिरवा. टिचकी मारल्यावर भिंगरीसारखा गरगर फिरत राहणारा रोलर चांगला नसतो, त्यातलं ग्रीस वाळलेलं असतं. चांगला रोलर थोड्या जड हाताने फिरतो आणि लगेच थांबतो. आतल्या कड्याला धरून बाहेरचा हलवून बघा, लटपट नको.

१९८६ च्या गाडीत टेन्शनर (बेल्टला ताण देणारा भाग) हाताने सरकवायचा असतो. स्प्रिंगचा आपोआप ताण देणारा टेन्शनर १९८७ च्या मॉडेलपासून. खोक्यात दोन इंजिनांचा माल असेल तर एखादा रोलर त्या नंतरच्या संचातला असू शकतो. रोलर एकटा न बघता त्याचा हात, बोल्टची जागा आणि स्प्रिंग मिळून बघा. अर्धा संच वापरू नका.

बॅलन्स बेल्टजवळचा छोटा रोलर बेल्टला टेकत नाही. ताण दिल्यावर रोलर आणि बेल्ट यांच्यात ०.५ मिमी फट ठेवायची. फीलर गेजचं अर्ध्या मिमीचं पातं सहज सरकलं पाहिजे. तो ताण देण्यासाठी नसून बेल्टची उडी अडवण्यासाठी आहे. टेकवून ठेवला तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि बेअरिंग जातं.

घटमापन
ताणासाठी बेल्ट बोटांनी ९० अंश पिळला जाईल इतपत ठेवला की पुरे ना?

पाना_नं_२४
पुरे नाही. पिळण्याचा अंदाज बोटांच्या जोरावर आणि बेल्टच्या जाडीवर अवलंबून. पोर्शचा ताणमापक पी ९२०१ त्याचसाठी आहे. ताण थंड इंजिनावरच बघायचा, कारण ॲल्युमिनियमचा ब्लॉक तापला की पुल्यांमधलं अंतर वाढतं आणि बेल्ट खोटा घट्ट वाटतो. हाताच्या टेन्शनरवर नवा बेल्ट बसतो, म्हणजे थोडा सैलावतोच. साधारण ३,००० किमी झाले की पुन्हा उघडून ताण बघायचा.

घटमापन
मान्य. थंड इंजिनाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

जुनी_पानं
भागाचा नंबरही वाचा. पोर्शच्या जुन्या नंबरात पहिले तीन अंक तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतात, पुढच्या तीनांची सुरुवात १ ने असेल तर तो इंजिनाचा भाग, शेवटचे दोन बहुधा सुधारणेचे. ९५१ म्हणजे टर्बो. पण पहिल्या तीन अंकांवरून पुली फेकून देऊ नका. जुन्या मॉडेलसाठी बनलेला भाग नंतरच्या मॉडेलमध्ये त्याच नंबराने चालू राहतो.

चौथा_गियर
सगळ्यांचे आभार. सगळं धुऊन, मोजून पुन्हा बसलो. निकाल:

मोठी पहिली: दाते क्रँकच्या आतल्या पुलीच्या बरोबर दुप्पट. नवा बेल्ट निम्म्या घेरापर्यंत कुठेही न उचलता बसला. मोठी दुसरी: व्यासात जेमतेम अर्ध्या मिमीचा फरक, पण दाते दुप्पट येत नाहीत आणि पाचव्या दात्यापासून बेल्ट उचलला जातो. ती बाजूला ठेवली.

लहान तीन: दोघींवर ओ आणि यू स्पष्ट दिसले. तिसरीवर अक्षरं झिजून गेली आहेत, पण दाते, पिच, रुंदी सगळं तेच.

रोलर: दोन गरगर फिरतात. दोन जड आणि शांत.

तिसऱ्या लहान पुलीची ओ आणि यू कशी ठरवायची? आणि कॅमची खूण जुळवल्यावर फ्लायव्हीलची खूण दात्याच्या निम्म्याएवढी पुढे दिसते, ते का?

अर्धचंद्र
तिसरी गरजेची नाही, पण ओळखून चिठ्ठी लावून ठेवा. अक्षरं असलेली पुली तिच्यावर तोंडाला तोंड न लावता, दोघींची पुढची बाजू वर ठेवून, रचा. कडेच्या खुणा एका रेषेत आणा. आता वरून भोकात बघा: वरच्या पुलीची ओ खाच खालच्या पुलीच्या ज्या खाचेवर येते, ती ओ. समोरासमोर लावली तर आरशासारखं उलटं होईल आणि ओ ची यू होईल, तेवढं जपा.

व्हर्नियर_०२
फ्लायव्हीलच्या खुणेबद्दल. आधी खूण खरी आहे का ते ठरवा. क्लचच्या बेल हाउसिंगच्या खिडकीतून दिसणारी 'ओटी' ही खूण म्हणजे पिस्टन सर्वात वर. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप बसवा. कॅमचा बेल्ट काढलेला असेल तर हे करू नका, व्हॉल्व्ह मध्ये येतील. क्रँक हलक्या हाताने एका दिशेने टेकेपर्यंत फिरवा आणि फ्लायव्हीलवर खूण करा. मग दुसऱ्या दिशेने टेकेपर्यंत, पुन्हा खूण. दोन्हींचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी, पिस्टन सर्वात वर असण्याची जागा.

ओटी बरोबर निघाली तर फरक कॅमच्या बाजूचा आहे. पूर्ण एक दाता चुकला असता तर क्रँकवर ७२० भागिले कॅमच्या पुलीचे दाते एवढे अंश सरकले असते. ४० दात्यांच्या पुलीला ते १८ अंश होतात. निम्मा दाता म्हणजे दाता चुकलेला नाही. सैल बाजूचा बेल्ट अजून ताणलेला नसेल. टेन्शनर लावा, क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि मग बघा.

पाना_नं_२४
फिरवताना २४ च्या सॉकेटने, घड्याळाच्या दिशेनेच. प्लग काढून ठेवा म्हणजे कॉम्प्रेशनचा जोर हाताला फसवणार नाही. कुठेही टणक अडथळा लागला तर थांबा, जोर लावून पुढे नेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा: बॅलन्स शाफ्टच्या खुणा क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला जुळतात, कॅमची मात्र एक आड एक. बॅलन्सच्या जुळल्या आणि कॅमची समोर दिसली नाही तर घाबरू नका, अजून एक फेरा द्या.

सावकाश
१६ व्हॉल्व्हच्या एस आणि एस२ ला हेच लागू?

समांतर
बेल्टपुरतं तेच. तिथेही बेल्ट एकाच कॅमला फिरवतो, एक्झॉस्टच्या. त्यावरून इनटेकला मध्ये छोटी साखळी आहे. त्या साखळीचा टेन्शनर आणि त्यावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वेगळ्या तपासाव्या लागतात. त्या पट्ट्या तुटल्या तर पुली-बेल्ट नवे असूनही कॅमचे दाते जातात. त्यावर वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे.

चौथा_गियर
बेल्ट ताणला, दोन फेरे दिले. ओटी आणि कॅमची खूण एका रेषेत. वरचा शाफ्ट ओ, खालचा यू, दोन्हींच्या खुणा कव्हरच्या खाचांवर. तिसऱ्या पुलीच्या दोन्ही खाचांना रंगाने ओ आणि यू लिहून ठेवलं. गरगरणारे दोन रोलर बाद केले. त्यातला एक बॅलन्सचा छोटा निघाला, तो नवा येईपर्यंत कव्हर लावत नाही.

लोखंडकाम
तोवर बेल्टवर स्वच्छ कापड टाकून ठेवा. पुढच्या सीलमधून तेलाचा एक थेंब जरी बेल्टवर उतरला तरी तो बेल्ट बदलावा लागेल. रोलर येईपर्यंत क्रँक, कॅम आणि दोन्ही बॅलन्स शाफ्टची सीलं कोरडी आहेत का, तेवढं बघून घ्या.